चोरीच्या वाहनाला गावात थारा नको

(कर्जत व खालापूर तालुक्यांतील सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील आणि शिक्षक यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वाहनचोरी हा विषय पंचायतीच्या मेळाव्यात कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. गाडी सांभाळणे हे मालकाचे काम आणि चोर पकडणे हे पोलिसांचे. पंचायतीचा त्यात संबंध येतो कोठे? संबंध येतो, आणि आपण समजतो त्याहून तो अधिक निकटचा आहे. आज मला तेवढेच आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

आपल्या दोन तालुक्यांचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. बोरघाटाच्या पायथ्याशी हा प्रदेश पसरला आहे. मध्य रेल्वेचा लोहमार्ग शेलू, नेरळ, भिवपुरी रोड करीत कर्जतला येतो. पुढे पळसदरीहून एक फाटा केळवली, डोळवली, लौजी मार्गे खोपोलीस जातो आणि मुख्य मार्ग घाट चढून पुण्याकडे निघतो. जुना मुंबई-पुणे महामार्ग आणि २००२ साली पूर्णपणे खुला झालेला द्रुतगती मार्ग, दोन्ही खालापूर तालुक्यातून जातात. कर्जतहून कल्याण, मुरबाड, चौक आणि खोपोली अशा चार दिशांना रस्ते फुटतात. खोपोलीहून पेणकडे आणि पालीकडे वाटा जातात. जेथे इतक्या वाटा एकत्र येतात तेथे व्यापार वाढतो, पर्यटक येतात, जमिनीला भाव येतो. हे सारे आपण अनुभवीत आहोत. परंतु भूगोल चोरालाही कळतो. पहाटे एका तालुक्यातून उचललेली मोटारसायकल न्याहारीच्या वेळेस दुसऱ्या जिल्ह्यात पोहोचू शकते.

या चोरीची झळ कोणाला लागते ते पाहा. कळंब किंवा कशेळे परिसरातील एखादा तरुण पहाटे मोटारसायकलने नेरळला किंवा कर्जतला येतो, गाडी स्थानकाबाहेर लावतो आणि लोकलने ठाण्याला वा मुंबईला कामावर जातो. परत येईतो रात्र होते. बारा-चौदा तास ती गाडी रोज त्याच जागी, त्याच वेळी, धन्याविना उभी असते. गाडी बहुधा हप्त्यांवर घेतलेली असते. ती गेली तरी हप्ते जात नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी गाठण्यासाठी एसटी नसते, रिक्षाचे भाडे परवडत नाही, आणि चार दिवस खाडा झाला की कंत्राटी नोकरीही हातची जाते. शहरातील सधन मनुष्याची मोटार चोरीस गेली तर त्याचे नुकसान होते. वाडीवरील माणसाची मोटारसायकल गेली तर त्याचा रोजगार जातो. हा फरक आपण ध्यानी घ्यावा.

आता प्रश्न असा की, चोरलेल्या वाहनाचे पुढे होते काय? चोर काही ते हौसेने फिरविण्यासाठी नेत नाही. काही उनाड मुले तसे करतात, त्यांच्याविषयी पुढे बोलेन. धंदा म्हणून चोरी करणाऱ्याला वाहनाचे पैसे हवे असतात, आणि ते दोनच मार्गांनी होतात. एक, वाहन मोडून त्याचे भाग विकणे. दुसरा, ते अख्खेच कागदपत्रांवाचून कोणाला तरी स्वस्तात देणे. शहरात कागदपत्रांशिवाय वाहन चालविणे दिवसेंदिवस कठीण होत आहे; चौकाचौकांत कॅमेरे आहेत, तपासणी आहे. मात्र राज्यातील कोणत्याही दुर्गम भागात, जेथे आतल्या रस्त्यावर पोलीस क्वचित येतात, तेथे असे वाहन वर्षानुवर्षे शेतावर, वीटभट्टीवर, दूध वा भाजी नेण्यास वापरले जाऊ शकते. म्हणजे चोरी स्थानकावर होते, पण तिला बाजारपेठ मिळते ती आतल्या गावात. आपले तालुके दोन्ही प्रकारचे आहेत. आपल्याकडे स्थानकेही आहेत आणि आतली गावेही आहेत.

शेजारच्या मुरबाड तालुक्यातील म्हसा येथील यात्रा आपल्या परिचयाची आहे. तेथे बैल घ्यावयाचा झाल्यास शेतकरी काय करतो? दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो, आणि बैल कोणाचा, कोठला, का विकतोस, हेही विचारतो. सोबत आणलेली चार माणसे आपापले मत देतात. पावती केल्यावाचून जनावर दावणीतून सुटत नाही. हाच शेतकरी मोटारसायकल घेताना मात्र ‘कागद नंतर देतो’ या एका वाक्यावर विश्वास ठेवतो! बैलाला तोंड नाही म्हणून त्याची चौकशी आपण चारचौघांत करतो. मोटारसायकलीच्या अंगावर तर तिचा क्रमांक कोरलेला असतो, तो वाचण्याचे कष्टही आपण घेत नाही.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०५ मध्ये माल वा प्रवासी वाहतुकीसाठी वापरल्या जाणाऱ्या वाहतूक साधनाची चोरी हा प्रकार स्वतंत्रपणे नमूद असून त्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. संघटित गुन्हेगारीच्या कलम १११ मध्येही वाहनचोरीचा नामनिर्देश आहे. परंतु आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे ते कलम ३१७. चोरीची वस्तू आहे हे जाणून, किंवा तसे मानण्यास कारण असताना, ती घेणारा किंवा ठेवणारा तीन वर्षांपर्यंत कारावासास पात्र ठरतो. ‘तसे मानण्यास कारण असताना’ हे शब्द आपण गावात समजावून सांगावेत. पन्नास हजारांची गाडी कोणी पंधरा हजारांत देत असेल, कागद दाखवीत नसेल, नंबर प्लेट नसेल, तर ‘मला ठाऊक नव्हते’ हे सांगणे न्यायालयात सोपे जाणार नाही. गाडी तर जप्त होतेच, दिलेले पैसे बुडतात आणि घरातील कर्ता पुरुष आरोपी होतो. मला वाटते, कलमांची यादी भिंतीवर लावण्यापेक्षा एवढी एक गोष्ट ग्रामसभेत नीट सांगितली तर तिचा उपयोग अधिक होईल.

जुनी गाडी घेताना करावयाची तपासणी अवघड नाही. नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला आपण आरसी म्हणतो ते, पाहावे. त्यावरील चॅसिस क्रमांक व इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरील क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्यावा. क्रमांकाची जागा घासलेली, ठोकलेली वा नव्याने रंगविलेली दिसली तर व्यवहार तेथेच सोडावा. एम-परिवहन या शासकीय ॲपवर नोंदणी क्रमांक टाकला असता वाहनाचा प्रकार, नोंदणीची तारीख, विम्याची मुदत इत्यादी माहिती दिसते. समोर गाडी एका रंगाची वा कंपनीची आणि नोंद दुसऱ्याच वाहनाची असे झाले तर समजावयाचे ते समजावे. बँकेचा वा वित्तसंस्थेचा बोजा असल्यास तो उतरल्याचा दाखला मागावा. ‘बँकेने ओढून आणलेली गाडी आहे’ असे सांगून विकणारे पुष्कळ भेटतात. बँक लिलाव करते तेव्हा कागद देते, हे लक्षात ठेवावे. मालकी हस्तांतरणासाठी नमुना २९ आणि नमुना ३० भरावे लागतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यांतर्गत व्यवहारात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते. हे काम आळसाने राहून जाते, आणि तीन हातांतून गेलेली गाडी कागदावर पहिल्याच मालकाची राहते. पुढे तिच्याकडून अपघात घडला किंवा ती गुन्ह्यात सापडली की पोलीस त्या पहिल्या मालकाच्या दारात येतात.

ग्रामपंचायतीने एक साधी वही ठेवावी, अशी माझी सूचना आहे. गावातील ज्यांची इच्छा असेल त्यांनी आपल्या वाहनाचा नोंदणी, इंजिन व चॅसिस क्रमांक आणि रंग तीत लिहून ठेवावा. चोरी झाल्यावर घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या गाडीचा क्रमांकही धड सांगता येत नाही आणि आरसी नेमकी गाडीच्या डिकीत असते. अशा वेळी ही वही उपयोगी पडेल. त्याचबरोबर गावात, ओढ्याकाठी, बंद पडलेल्या फार्महाऊसच्या आवारात कित्येक दिवस बेवारस उभे असलेले वाहन दिसले तर पोलीस पाटलांनी ठाण्यास कळवावे. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ अन्वये गावातील अशी माहिती पोलिसांना देणे हे त्यांचे कर्तव्यच आहे. मात्र एक मर्यादा कटाक्षाने पाळावी. पंचायतीला किंवा पोलीस पाटलांना कोणाची गाडी अडवून ठेवण्याचा वा कागद तपासण्याचा अधिकार या वहीमुळे प्राप्त होत नाही.

गावातील गॅरेजवाले आणि भंगारवाले यांनाही विश्वासात घ्यावयास हवे. त्यांच्याकडे संशयाने पाहून काहीच साधणार नाही. एखाद्या गाडीचे कुलूप तोडलेले आहे, तारा जोडून ती चालू केलेली आहे, हे सर्वांत आधी कळते ते मेकॅनिकला. त्याने ठाण्याचा दूरध्वनी क्रमांक हाताशी ठेवला आणि त्याचे नाव उघड होणार नाही अशी हमी त्याला मिळाली, तर तो सांगेल.

स्थानकाबाहेरील वाहनतळाचा प्रश्न मी थोडक्यात मांडतो, कारण जागा रेल्वेची, रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा आणि तक्रार नगर परिषदेकडे वा ग्रामपंचायतीकडे, अशी तिची अवस्था आहे. जेथे पंचायतीची स्वतःची जागा स्थानकाजवळ आहे तेथे कुंपण, दिवा, एक दरवाजा आणि पावती देणारा एक माणूस, एवढी व्यवस्था पुरेशी आहे. बचत गटाला हे काम देता येईल. कॅमेऱ्यांसाठी जिल्हा नियोजन समितीच्या निधीची मागणी करता येते. पण कॅमेरा बसविणे आणि तो चालू ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. उद्घाटनानंतर त्याचे वीजबिल व दुरुस्ती कोण पाहणार, हे आधी ठरवावे. मालकांनीही केवळ हँडल लॉकवर विसंबू नये. चाकाला साखळी वा डिस्क लॉक लावावे. चोर वेळ मोजतो. पाच मिनिटे जास्त लागणारी गाडी तो सोडून देतो.

या संदर्भात पश्चिम जर्मनीतील एक अनुभव मोठा बोधक आहे. तेथे १९८० साली हेल्मेट न घालणाऱ्या मोटारसायकलस्वारास जागच्या जागी दंड होऊ लागला. हा नियम डोके वाचविण्यासाठी होता, चोरी थांबविण्यासाठी नव्हे. परंतु १९८० मध्ये सुमारे दीड लाख असलेल्या दुचाकी चोऱ्या १९८६ पर्यंत सुमारे ५४ हजारांवर आल्या. अभ्यासकांनी कारण शोधले ते असे: मोह पडून गाडी उचलणाऱ्यापाशी हेल्मेट नसते, त्यामुळे तो पहिल्याच नाक्यावर पकडला जाण्याची धास्ती असते. हेल्मेटचा नियम आपल्याकडेही आहे. तो आतल्या रस्त्यांवर पाळला जात नाही, हे आपण सारे जाणतो. गावातील प्रत्येक जण हेल्मेट घालू लागला तर बिनहेल्मेटचा अनोळखी स्वार आपोआप नजरेत भरेल. उच्च सुरक्षा नोंदणी पट्टीचेही तसेच आहे. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या वाहनांना ती असतेच. राज्यात जुन्या वाहनांनाही ती बंधनकारक करण्यात आली. तिचे कुलूप एकदा तोडले की पुन्हा बसत नाही. ती न बसविलेली जितकी वाहने गावात राहतील, तितके खोट्या पाटीचे वाहन त्यांत मिसळून जाणे सोपे.

चोरी झाल्यावर पहिला तास मोलाचा असतो. आपल्याकडे तो मित्रांना विचारण्यात, ‘कोणी थट्टेने नेली असेल’ या आशेत जातो. ११२ या क्रमांकावर तत्काळ कळवावे. गाडी रेल्वेच्या आवारातून गेली की बाहेरच्या रस्त्यावरून, हद्द लोहमार्ग पोलिसांची की स्थानिक ठाण्याची, हा वाद तक्रारदाराने सोडवावयाचा नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असली तरी खबर नोंदवून घेतली पाहिजे आणि प्रथम खबरीची प्रत विनामूल्य दिली पाहिजे. ऑनलाइन खबर दिल्यास तीन दिवसांच्या आत जाऊन स्वाक्षरी करावी लागते. चारचाकी असल्यास फास्टॅगचे संदेश पाहावेत. टोलनाका ओलांडल्याचा संदेश आला तर वाहन कोणत्या दिशेने गेले ते कळते. दुचाकीला द्रुतगती मार्गावर मनाई आहे. ती जुन्या महामार्गाने वा आतल्या रस्त्यांनीच जाणार, हे ध्यानात घेऊन नाक्यांवरील गावांना कळविता येईल.

शिक्षक बंधुभगिनींकडे मी आता वळतो. काही गाड्या धंदेवाईक चोर नेत नाहीत. सोळा-सतरा वर्षांची मुले नेतात, धबधब्यापर्यंत फिरवितात आणि पेट्रोल संपले की टाकून देतात. शाळेच्या फाटकाशी रोज निराळ्या गाडीवर येणारा विद्यार्थी आपल्या नजरेस पडतोच. ‘मित्राची आहे’, ‘मामाची आहे’ ही उत्तरेही आपल्या परिचयाची आहेत. अशा वेळी पहिला निरोप पालकांना जावा. २०१९ च्या दुरुस्तीनुसार मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९९-अ अन्वये अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास वा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. पालक सभेत ही माहिती दिली तर पुष्कळ पालक त्याच रात्री चावी कपाटात ठेवतील.

यानंतरचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. चोऱ्या वाढल्या की गावात रात्रीची गस्त सुरू होते. तरुण एकत्र येतात, काठ्या-बॅटऱ्या घेऊन फिरतात. ही जागरूकता स्तुत्य आहे. पुणे, नाशिक इत्यादी जिल्ह्यांत ग्राम सुरक्षा यंत्रणेद्वारे एका दूरध्वनीवरून साऱ्या गावाला एकाच वेळी सूचना देण्याची सोयही झाली आहे. परंतु सूचना जितकी वेगाने जाते तितक्याच वेगाने अफवाही जाते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे चोर फिरत असल्याच्या अफवेतून दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांचा बळी गेला. दोन्ही गावे आपल्या गावांसारखीच होती. माणसेही आपल्यासारखीच होती. आपण गावाचे रक्षण करीत आहोत, असेच त्यांतील पुष्कळांना वाटले असेल.

आपल्या भागात कातकरी आणि ठाकर बांधवांच्या वाड्या आहेत. कामासाठी परराज्यांतून आलेले मजूर आहेत. गावात काही चोरीला गेले की पहिली नजर यांच्याकडे वळते, हे मी येथे स्पष्ट बोलतो. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने कित्येक जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण मनातला शिक्का पुसावयास वेळ लागतो. वाहनचोरीला वाहनाचे गिऱ्हाईक, सुटे भाग खपविण्याची जागा आणि खोट्या पाटीची सोय लागते. उपजीविकेसाठी वीटभट्टीवर सहा महिने स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबापाशी यांतील काय असते, याचा शांतपणे विचार करावा.

यास्तव गस्तीचे दल पोलीस ठाण्याच्या माहितीने आणि नावांच्या यादीसह असावे. अनोळखी माणूस वा वाहन दिसले तर क्रमांक टिपावा, छायाचित्र घ्यावे, ११२ वर कळवावे. आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्यास नागरिकालाही पकडता येते. पण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे त्यास विनाविलंब, आणि जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांच्या स्वाधीन केले पाहिजे. केवळ संशयावरून कोणाला बांधून ठेवणे, मारणे, त्याची चित्रफीत पसरविणे हा स्वतंत्र गुन्हा होय. गस्तीवर जाणाऱ्या तरुणांना हे पहिल्याच दिवशी सांगण्याची जबाबदारी सरपंच आणि पोलीस पाटील यांची आहे.

शेवटी, सापडलेल्या वाहनाविषयी. अनेक पोलीस ठाण्यांच्या आवारात पावसात गंजणारी, वेलींनी वेढलेली वाहने आपण पाहतो. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले की, अशी वाहने ठाण्यात कुजत ठेवू नयेत. पंचनामा, छायाचित्रे आणि बंधपत्र घेऊन ती योग्य व्यक्तीच्या ताब्यात द्यावीत. नव्या संहितेच्या कलम ४९७ मध्ये तर न्यायालयाने १४ दिवसांत मुद्देमालाचे वर्णनपत्र तयार करावे आणि त्यानंतर ३० दिवसांत त्याची विल्हेवाट लावण्याचा आदेश द्यावा, अशी मुदतच घातली आहे. गाडी सापडल्याचे कळताच मालकाने न्यायालयात अर्ज करावा. पुष्कळांना हे ठाऊक नसते. न सापडल्यास पोलिसांचा अंतिम अहवाल विमा कंपनीस द्यावा लागतो, दोन्ही चाव्या मागितल्या जातात, आणि केवळ तृतीय पक्षाचा विमा असेल तर चोरीची भरपाई मिळत नाही. विमा कंपनीस कळविण्यास थोडा उशीर झाला, पण प्रथम खबर तातडीने दिलेली होती, तर केवळ त्या उशिरासाठी दावा नाकारता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली गुरशिंदर सिंग प्रकरणी दिला आहे.

पोलीस ठाण्याकडून जप्त व बेवारस वाहनांची यादी मागवून ती ग्रामसभेत वाचून दाखवावी. तीत नोंदणी क्रमांकाबरोबर चॅसिस क्रमांकही असावा, कारण पाटी बदललेली असते. वर्षातून चार ग्रामसभा होतातच. येत्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घालण्यासाठी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आजच सांगता येईल.